भांडारपालाचे इंजिन

पाम गावचे रामनाथ चुरी यांनी आपल्या आयुष्यात एकही वस्तू न तपासता हातात घेतली नाही. हे मी निंदेच्या भावाने लिहीत नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील रंगांच्या एका कारखान्यात ते भांडारपाल होते, आणि ज्याच्या कमरेला भांडाराच्या किल्ल्या आहेत त्याने कोणावर सहजी विश्वास टाकणे म्हणजे स्वधर्माला मुकणे, अशी त्यांची दृढ निष्ठा होती. झडपा, बेअरिंगे, तांब्याच्या नळ्या, पितळी चाके असे जे जे भांडारातून दुरुस्तीसाठी बाहेर जाई, त्यावर ते अगोदर, कुणाची दृष्टी पडणार नाही अशा जागी, तांबड्या रंगाचा मोहरीएवढा ठिपका देत. वस्तू परत आली की प्रथम ठिपका पाहायचा. ठिपका असला तर वस्तू आपली. नसला तर बदललेली. या उपायाने त्यांनी दोन कंत्राटदार पकडले होते. पहिल्याने मुकाट्याने चूक कबूल केली. दुसरा बापडा पुष्कळ काही सांगू पाहत होता. परंतु ठिपकाच नाही म्हटल्यावर ऐकण्यासारखे काय उरते?

आमच्या प्राचीन नैयायिकांनी संशयाला ज्ञानाच्या सोळा पदार्थांत मानाचे स्थान दिले आहे. संधिप्रकाशात समोर दिसते ते खांब आहे की माणूस, अशी शंका आल्यावाचून जवळ जाऊन पाहण्याची इच्छा होत नाही, आणि इच्छेवाचून निर्णय नाही. मात्र त्या थोरांनी संशयाला वाटेवरची धर्मशाळा मानले होते; तेथे बिऱ्हाड थाटावे असे त्यांनी कोठे म्हटलेले नाही. रामनाथांनी तेथे बिऱ्हाडच काय, वाडी लावली होती.

निवृत्तीनंतर ते खऱ्याखुऱ्या वाडीत रमले. नारळ, चिकू, थोडी केळी. सोबतीला पत्नी, जिला सारे गाव माई म्हणते. एकुलता एक पुत्र केदार जर्मनीत नोकरीला गेला, आणि तेथील पहिल्या वेतनातून त्याने पित्यासाठी एक वस्तू आणली. वीतभर लांबीचे, धातूचे, काळेभोर वाफेचे इंजिन; अर्थात वाफ नसलेले, विजेवर धावणारे. सोबत डबे आणि रुळांचे तुकडे. लहानपणी केदारने अशीच गाडी एका चित्रात पाहून मागितली होती आणि रामनाथांनी ती चैन म्हणून नाकारली होती. तो विषय पितापुत्रांत पुन्हा कधी निघाला नाही. गाडी आली, एवढेच.

चुरींच्या घरी माघात गणपती बसतो. त्या वर्षापासून मखराभोवती रूळ मांडले जाऊ लागले आणि सकाळच्या आरतीच्या वेळी गाडी देवाला प्रदक्षिणा घालू लागली. तिकडे केदार पहाटेच्या काळोखात कामावर निघण्यापूर्वी फोनच्या पडद्यावर ती पाहत असे. बोलणे थोडेच होई. गाडी फिरत राही आणि दोघे तिच्याकडे पाहत राहत. वर्षभरात या पितापुत्रांचे जे काही एकमेकांना सांगायचे असे, ते बहुधा त्या वेळात सांगून होत असे.

गतवर्षी मार्गशीर्षात हे इंजिन अडखळू लागले, ठिणग्या टाकू लागले आणि एके दिवशी थांबले. माघ समोर होता. केदारला कळवायचे नाही, असे रामनाथांनी ठरवले. त्याने नवे पाठवले असते. आणि नवे ते हे नव्हे.

मग शोध सुरू झाला. परदेशी आगगाडी दुरुस्त करणारा मनुष्य या भूमीवर कोठे मिळतो, हे आपल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. जर्मन कंपनीला पत्र गेले; उत्तर आले की वस्तू आमच्याकडे पाठवा. रामनाथांनी विचार केला, ज्यांना नवी विकायची आहे ते जुनी का दुरुस्त करतील? मुंबईच्या एका विक्रेत्याने ठेवून जा, सवडीने पाहू, असे सांगितले. त्याच्या काचेच्या कपाटात तशीच दोन इंजिने उघडी पडली होती, आणि एकाचे भाग दुसऱ्याला लागत असणार हे भांडारपालाला सांगावे लागले नाही. संगणकावर भेटलेल्या एका तज्ज्ञाने खोक्याचे आणि क्रमांकाचे छायाचित्र अगोदर मागितले. वैद्य नाडी सोडून घराचा पत्ता का विचारतो, असे म्हणून त्यांनी तो संवादच तोडला. पालघरच्या घड्याळजीने भिंग लावून पाहिले आणि इंजिन उलटे धरले. उलटे धरण्याची ती रीत पाहूनच हे उठले. बेटेगावात जुन्या मोटरसायकली सजवणारा एक गृहस्थ मात्र फार आदराने बोलला. इंजिन तळहातावर घेऊन तो म्हणाला की दुरुस्ती होणे कठीण, पण द्यायचे असेल तर मी घेईन. रामनाथांनी इंजिन त्याच्या तळहातावरून उचलले ते रिक्षात बसेपर्यंत खाली ठेवले नाही.

शेवटी दीपाने हेतलचे नाव सुचवले. ही दीपा सालवडला शिवणवर्ग चालवते. माईंच्या माहेरकडून नात्यातली. तिच्या वर्गातील शिलाई यंत्रांच्या मोटारी बोईसरची हेतल दुरुस्त करी. स्टेशनच्या पश्चिमेला, पत्र्याच्या छपराखाली, हेतलचे अरुंद दुकान आहे. वडील तेथे टेपरेकॉर्डर दुरुस्त करीत. त्यांच्यामागे मुलीने मिक्सर, पंखे आणि शिलाई यंत्रे धरली. चाळिशीची, ठेंगणी, आणि जिभेला तेल लावण्याची गरज न पडणारी ही बाई. तिने इंजिन उलटेसुलटे करून कानाशी हलवले आणि म्हटले, की आतले कार्बन, म्हणजे मोटारीला वीज पोचवणारे तुकडे, झिजलेत. शिलाई मशीनचे घासून बारीक केले की बसतील.

“मी बसतो इथेच,” रामनाथ म्हणाले. “मला घाई नाही.”

“मला हाय ना, काका. गिऱ्हाईक हातावर नजर ठेवून बसलं की माझा स्क्रू पडतो. हा स्क्रू पडला तर आणायला जर्मनीला जाणार का तुमी? ठेवून जा. मंगळवारी या.”

दुसरा उपाय नव्हता. इंजिनाच्या तळाशी असलेल्या पितळी दंतचक्राच्या आतल्या अंगाला रामनाथांनी तांबडा ठिपका घरूनच देऊन आणला होता, म्हणून ते ठेवून जाऊ शकले. तरीही रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीपाशी ते बराच वेळ उभे होते. हेतलने ते पाहिले आणि दुकानाचा पडदा ओढून घेतला. प्रामाणिक मनुष्य पडदा का ओढील, हा प्रश्न ते पामपर्यंत घेऊन गेले.

मंगळवारी इंजिन धावले. हेतलने सांगितले की चाकांत केस आणि उदबत्तीची राख अडकली होती, सगळे पेट्रोलने धुऊन काढले आणि मशीनचे तेल दिले. रामनाथांनी दाम दिले, आभार मानले; परंतु मशीनचे तेल हा शब्द त्यांच्या मनात काट्यासारखा राहिला. कोणत्या डब्यातले, किती जुने, कशात काय मिसळलेले? कारखान्यात तेलाच्या पिंपांत काय काय सापडते हे ते जाणून होते. या जगात एकच तेल असे होते की ज्याविषयी त्यांना लेशमात्र शंका नव्हती. आपल्या वाडीचे नारळ, आपल्या अंगणात वाळलेले खोबरे, आणि घाण्यावर स्वतः समोर उभे राहून काढलेले तेल. घरी येताच, ठिपका पाहण्याचेही भान न राहून, त्यांनी इंजिनाचे मशीनचे तेल चिंधीने टिपून घेतले. माई शेजारी गेल्या होत्या. रामनाथांनी वाटीभर खोबरेल ओतून घेतले, इंजिनाची चाके त्यात चांगली बुडवली, निथळवली, आणि उरलेले तेल वाडीतल्या म्हसोबाच्या दिव्यात घातले. संध्याकाळी गाडी अशी धावली की माईंनी देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन जागचे हलेना. आत गुणगुण होई. चाके मात्र दगडासारखी.

पौषातली थंडी त्या वर्षी चांगली पडली होती. समुद्राकडचा वारा पहाटे वाडीत शिरे आणि चिकूच्या पानांवर दहिवर चमके. अशा एका सकाळी खोके काखेत मारून रामनाथ निघाले. रिक्षा मिळून बोईसरला पोहोचेपर्यंत दुपार झाली आणि हेतलच्या दुकानाचा पत्रा तापला होता. तिने तारा जोडल्या. इंजिन फळीवर सुरळीत धावू लागले.

“ही तर पळते,” हेतल म्हणाली. “तुमच्या घरी पोचली की रुसते. सासर आवडलं नाय वाटतं तिला.”

दुकानात आलेल्या बायका हसल्या. रामनाथ हसले नाहीत. घरी आणल्यावर इंजिन संध्याकाळी धावले आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा थिजल्यासारखे उभे राहिले. दुकानात चालणारे, घरी थांबणारे यंत्र! कंत्राटदारांची ही जुनी विद्या त्यांच्या पूर्ण परिचयाची होती. एक खोड आत ठेवून द्यावी, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते. दुपारी त्यांनी चष्मा बदलला, इंजिन खिडकीपाशी नेले, काडीने तेल सारून दंतचक्राची आतली बाजू पाहिली.

ठिपका नव्हता.

खुर्चीत बसून ते किती वेळ त्या इंजिनाकडे पाहत राहिले, हे माई पुढे मला सांगत होत्या. तेच काळे अंग, तीच चिमणी. परंतु ते आता केदारचे राहिले होते का? वरचे कवच तेवढे आपले आणि आतले सगळे परके, हा विचार त्यांना असह्य झाला. जणू कोणी पुत्राचे पत्र उघडून आतला कागद बदलला होता. नैयायिकांच्या भाषेत, खांब की माणूस हा प्रश्न त्यांच्यापुरता संपला होता. तो माणूस होता, आणि चोर होता.

ते भांडण करायला गेले नाहीत. भांडारपाल ओरडत नाही. तो नाव कळवतो. दीपाला त्यांनी घरी बोलावून सांगितले, की तुझी हेतल आतला माल बदलते, यंत्रे तपासून घे. निवृत्त सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप समूहावरही त्यांनी चार ओळी लिहिल्या, दुकानाच्या ठिकाणासह. त्यांच्या शब्दाला त्या मंडळींत प्रमाणपत्राची किंमत होती. दोघांनी लगेच लिहिले, की आमच्या मिक्सरविषयीही आता शंका येते. दीपाने वर्गातील यंत्रे दुसऱ्या दुकानात नेली.

माघ महिना लागण्यापूर्वीची गोष्ट. सकाळी माई ओट्यावर खोबरेलाची बाटली उन्हात ठेवत होत्या. आमच्या किनाऱ्यावर थंडीत प्रत्येक घरी हे दृश्य दिसते. तेल गोठते, आणि ऊन लागल्यावाचून बाटलीतून थेंब निघत नाही. रामनाथ शेजारी वर्तमानपत्र वाचत होते. अंगणात कमळी नारळाच्या झावळ्या ओढून एका बाजूला रचीत होती. ही डोंगरपट्ट्यातल्या पाड्यावरून वाडीच्या कामाला येते. पावसाळ्यात स्वतःची टीचभर भातशेती करते, बाकीच्या दिवसांत चुरींकडे असते.

“अवो, ऐकलात का?” माई बाटली उजेडात धरून म्हणाल्या. “वाटीभर तेल कमी हाय. मी काय बोलत नाय. पन घरात आपून दोघं, आनि येनारी ही एक.”

हळू बोलल्या होत्या. तरी ते अंगणात पोहोचले. कमळीने झावळी खाली टाकली.

“माई, आमी तिलाचा तेल लावतो,” ती म्हणाली. “तुमचा नारलाचा तेल थंडीत दगड होते. तो नेऊन मी काय डोक्यावर फोडू?”

रामनाथांच्या ओठांवर नित्याचे वाक्य आले होते, की बाटलीवर उद्यापासून खूण करून ठेव. ते वाक्य तेथेच थांबले. माईंच्या हातात बाटली होती आणि बाटलीत पांढरे, घट्ट, हलवूनही न हलणारे तेल होते.

“तेल मी घेतलं,” ते म्हणाले.

“तुमी? कशाला?”

रामनाथ आत गेले. लोखंडी कपाटातून इंजिन काढून त्यांनी ओट्यावर आणून उलटे केले. दंतचक्राच्या दातादातांत पांढरे मेण साचले होते. इंजिन त्यांनी बाटलीशेजारी उन्हात ठेवले. माई पाहत होत्या, कमळीही पायरीशी येऊन उभी राहिली. ऊन चढले, बाटलीच्या कडेने तेल सुटू लागले, इंजिनाखाली एक ओला डाग उमटला. मग रामनाथांनी बोटाने चाक फिरवले. फिरले.

“जगात एका तेलावर विश्वास होता यांचा,” माई कमळीला म्हणाल्या. त्या हसू दाबीत होत्या, आणि कमळीकडे सरळ पाहवत नव्हते म्हणून बाटलीकडेच पाहत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी तिच्यासाठी चहा टाकला, घरातल्या कपात.

राहिला ठिपका. तो प्रश्न रामनाथांनी एकट्याने सोडवला. घरातल्या एका जुन्या बिजागरीवर त्यांनी त्याच डबीतला तांबडा रंग लावला, वाळू दिला आणि पेट्रोलच्या बोळ्याने पुसला. काहीही उरले नाही. हेतलने तर सांगितलेच होते, की धुऊन काढले. त्यांनी ऐकले होते. पण ठिपक्यापुढे शब्द मोजण्याची सवय नव्हती. आणि मग त्यांना तो दुसरा कंत्राटदार आठवला. तो काय सांगू पाहत होता? भाग धुतला म्हणत होता की आणखी काही? त्याचा चेहरा आठवला, नाव आठवेना. हे त्यांनी मला सांगितले तेव्हा आम्ही वाडीत बसलो होतो. तो खांब होता की माणूस, हे जवळ जाऊन पाहण्याची वेळ टळून गेली होती.

ते प्रथम सालवडला दीपाकडे गेले, मग समूहावर चार ओळी लिहिल्या. पहिल्या ओळींना जितकी उत्तरे आली होती तितकी या ओळींना आली नाहीत. त्यानंतर खोके घेऊन ते बोईसरच्या त्या पत्र्याखाली उभे राहिले. हेतलने वर पाहिले आणि पुन्हा हातातल्या मोटारीकडे पाहिले. तिला सर्व ठाऊक झालेले होते.

“तेल मी घातलं होतं,” रामनाथ म्हणाले. “खोबरेल.”

“दीपाताईंच्या मशिनी गेल्या माझ्या.”

“त्यांना सांगून आलो.”

“काय सांगून आलात?”

“खोटं बोललो होतो म्हणून.”

हेतलने पाना खाली ठेवला. “खोटं नाय, काका. तुमाला खरंच तसं वाटत होतं. खोटं असतं तर मी भांडले असते.”

तिने खोके पुढे ओढले आणि पायाने एक स्टूल त्यांच्याकडे सरकवले. “बसा आता. पडदा नाय लावत. काय धुते, काय घालते, सगळं डोळ्यांनी बघा. उद्या परत शंका नको.”

रामनाथांनी स्टूल उचलले, रस्त्याकडे तोंड करून ठेवले आणि तिच्याकडे पाठ फिरवून बसले. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातांवर स्थिर राहिलेले ते नेत्र समोरून जाणाऱ्या रिक्षांवर आणि टपरीवरच्या गर्दीवर ठेवून ते बसून राहिले. त्यांच्या मागे स्क्रू निघत होते, पेट्रोलचा वास येत होता, ब्रशाची घासण ऐकू येत होती. मी याला तपश्चर्या म्हणतो. अरण्यात बसून डोळे मिटणे सोपे असावे.

“पाठ केलीत, काका,” मागून हेतल म्हणाली, “पण कान इकडेच हायेत.”

रामनाथ या वेळी हसले.

तिने तयार इंजिन खोक्यात घालून दिले. त्यांनी झाकण न उघडता ते काखेत घेतले आणि रिक्षात बसले. सालवड मागे पडल्यावर मात्र त्यांना राहवेना. झाकण किंचित उचलून त्यांनी एकदा आत पाहिले. मशीनच्या तेलाचा वास आला. त्यांनी झाकण लावले. हेही त्यांनीच मला सांगितले, नाहीतर मला कळण्याचा मार्ग नव्हता.

माघातली ती सकाळ थंड होती. ओट्यावर तेलाची बाटली उन्हाची वाट पाहत उभी होती. आत मखराभोवती रूळ मांडलेले, समई तेवत असलेली, आणि फोनच्या पडद्यावर काळोख्या खोलीत कोट घालून उभा असलेला केदार. रामनाथांनी कळ फिरवली. इंजिन एक क्षण थांबले, आणि निघाले.

“बाबा, आवाज वेगळा येतोय,” केदार म्हणाला. “कोणी बघितलं का त्याच्याकडे?”

“कार्बन झिजले होते. बोईसरला हेतल म्हणून आहे, तिने दुरुस्त केलं. चांगलं काम करते.”

दीपाची सगळी यंत्रे हेतलकडे परत आलेली नाहीत. काही दुसऱ्या दुकानात जातात. तेथे रुळली आहेत. रामनाथ ओळखीच्या प्रत्येकाला त्या पत्र्याच्या दुकानाचा पत्ता सांगतात, विचारला नसला तरी.

आरती सुरू झाली. गाडी देवाला वळसा घालून मखरामागे दिसेनाशी झाली, आणि क्षणभर रामनाथांच्या टाळ्या थांबल्या. ती पुन्हा समोर आली तेव्हा त्यांनी डबे मोजले. सगळे होते.